वस्तीवरील कुत्रा कोणाच्या खात्यावर?

आपल्या मासिकांत बैलाच्या खांद्याविषयीं, म्हशीच्या कासेविषयीं व शेळीच्या करडांविषयीं वेळोवेळीं उपयुक्त मजकूर येत असतो, व तो आम्ही आस्थेनें वाचतों. परंतु शेतकऱ्याच्या दारांत रात्रंदिवस राबणारे आणखी दोन जीव आहेत, त्यांजविषयीं एखादी ओळ क्वचितच आढळते. एक वस्तीवरील राखणीचा कुत्रा, व दुसरें कणगीजवळचें मांजर. या दोघांस मजुरी द्यावी लागत नाहीं, त्यांची दावण नाहीं, बाजारांत त्यांची किंमत होत नाहीं. आणि जें विकलें जात नाहीं त्याची काळजी कोणी घेत नाहीं, अशी आपल्यांत रीत पडली आहे. ही रीत मोडली पाहिजे, असें आमचें मत आहे. तें कां, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

आमचा सारा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहिरीस जागा आहे, पिकास आहे, सोसायटीच्या बोजासहि आहे. कुत्र्यास मात्र रकाना नाहीं. तीस वर्षें नोंदी लिहीत असतांना ही गोष्ट आमच्या मनांतहि आली नव्हती. ती एका प्रसंगानें आली, व त्या प्रसंगांत चूक सर्वस्वीं आमचीच होती. म्हणून ती येथें न लपवितां सांगतों.

सन २०१६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमची थोडी बागाईत आहे, तेथील वस्तीवर सालगड्याचें कुटुंब राहत असे, व राखणीस वाघ्या नांवाचा कुत्रा होता. कुत्रा आमचा, परंतु आम्ही राहत होतों तालुक्याच्या गांवीं, व कुत्र्यास भाकर घालीत होती सालगड्याची बायको. एका रात्रीं कोठूनसा परका कुत्रा आला, दोघांची झोंबाझोंबी झाली, वाघ्याच्या मानेस जखम झाली. जखमेवर हळद भरली, ती बरी झाली, व सर्वजण ती गोष्ट विसरले. सुमारें दीड महिन्यानें वाघ्या कोपऱ्यांत अंधारांत बसूं लागला, हांक मारली तर येईना, त्याचा आवाज घोगरा झाला, आणि एके सकाळीं त्यानें सालगड्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मनगटास चावा घेतला. तसाच धांवत जाऊन गोठ्यांतील कालवडीच्या ओठासहि तो डसला.

आम्हांस निरोप आला तेव्हां आम्हीं काय उत्तर दिलें? "घरचाच कुत्रा आहे, पोरानें शेपटी ओढली असेल, चुना लावा, होईल बरें." लिहिणें-वाचणें येणाऱ्या, सरकारी नोकरी केलेल्या मनुष्याचें हें उत्तर! दुसऱ्या दिवशीं शाळेंतील गुरुजींनीं मुलाच्या हातावरील चुन्याचा थर पाहिला. त्यांनीं तो नळाखालीं साबणानें धुवून काढला, व आमच्याकडे स्वतः येऊन बजावलें कीं, मुलास आजच्या आज ग्रामीण रुग्णालयांत नेलें नाहीं तर त्याचा दोष तुमच्यावर राहील. आम्ही मनांतून रागावलों, परंतु नेलें. तेथें जखमेंत रक्तद्रव्याचें औषध, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, भरलें व लशीचीं इंजेक्शनें सुरू केलीं. तिसऱ्या दिवशीं वाघ्याचा खालचा जबडा लोंबूं लागला, व चौथ्या दिवशीं तो मेला. मुलगा वांचला, आज तो धडधाकट आहे. तो आमच्या शहाणपणानें वांचला नाहीं, गुरुजींच्या आग्रहानें वांचला, हें आम्हांस रोज आठवतें.

कालवडीचें मात्र कोणास सुचलें नाहीं. सहाव्या आठवड्यांत तिनें चारा सोडला, तोंडांतून लाळ गळूं लागली, ती विचित्र हंबरूं लागली, व पाणी तिच्या घशाखालीं उतरेना. घशांत कांहीं अडकलें असावें असें समजून आम्हीं स्वतः, उघड्या हातानें, तिच्या घशांत चांचपून पाहिलें. तिसऱ्या दिवशीं ती गेली. पशुवैद्यांनीं हकीकत ऐकून डोक्यास हात लावला, व तिच्या लाळेंत हात घातलेल्या आम्हां सर्वांस लस घेण्यास पाठविलें. जनावर गिळत नाहीं व लाळ गाळतें, अशा वेळीं घशांत हात घालण्यापूर्वीं त्यास कुत्रा चावला होता काय, हा प्रश्न प्रथम विचारावा, एवढा धडा तरी प्रत्येक खातेदारानें यांतून घ्यावा.

आतां रोगाविषयीं. कुत्रा पिसाळतो तो उन्हानें नव्हे, भुकेनें नव्हे, कीं करणीनेंहि नव्हे. रेबीज नांवाच्या रोगाचें विष पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंत असतें. तें चाव्यावाटे, किंवा खरचटलेल्या जागीं चाटण्यावाटे, अंगांत शिरतें, आणि मज्जातंतूंच्या मार्गानें हळूहळू मेंदूकडे जातें. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधीं थोडे दिवस, तर कधीं वर्षहि लागतें. जोंवर तें मेंदूस पोंचलें नाहीं तोंवर लशीचा उपाय चालतो. एकदां का मनुष्यास पाण्याचा घोट पाहून आंचके येऊं लागले, म्हणजे जलसंत्रास सुरू झाला, कीं जगांतील कोणताहि वैद्य त्यास बहुधा वांचवूं शकत नाहीं. फ्रान्स देशांतील पाश्चर या शास्त्रज्ञानें ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्यानें ही लस दिली, व तो मुलगा जगला. त्याला आज जवळजवळ दीड शतक होत आलें. असें असूनहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांत वर्षाकाठीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात, त्यांतील फार मोठा वांटा आपल्या देशाचा आहे, आणि मरणाऱ्यांत सुमारें चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुलें असतात. मनुष्यास होणाऱ्या या रोगाचें कारण शंभरांत नव्व्याण्णव वेळां कुत्राच असतो.

यास्तव चावा बसल्यास काय करावें, तें प्रत्येकानें मुखोद्गत ठेवावें. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें निदान पंधरा मिनिटें धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण पंधरा मिनिटें हा काळ वाटतो त्याहून फार मोठा असतो. नंतर आयोडिनासारखें जंतुनाशक लावावें. हळद, चुना, मिरचीची पूड, तेल, तपकीर यांपैकीं कांहींहि भरूं नये. जखम बांधूं नये, व घाईनें टांके घालूं नयेत. त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. रक्त आलें असल्यास लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनहि घ्यावें लागतें, हें डॉक्टरांस विचारून घ्यावें. दंडांतील इंजेक्शनें पहिल्या इंजेक्शनाच्या दिवसापासून धरून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं देण्याची पद्धत आहे. कातडींत देण्याचा क्रम थोडा निराळा असतो. दवाखान्यांत जो क्रम सांगतील तो शेवटपर्यंत पुरा करावा. सुगीचे दिवस आहेत म्हणून एखादें इंजेक्शन चुकविणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं पिकापुढें जीव मोजावा. चावणारा कुत्रा वा मांजर दहा दिवस नजरेखालीं ठेवावें हें खरें, पण त्याचा निकाल लागेपर्यंत लस थांबवूं नये.

पुष्कळ वृद्ध माणसें पोटांतील चौदा इंजेक्शनांच्या भीतीनें अजून दवाखान्याची पायरी चढत नाहींत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, व तिचें उत्पादन आपल्या देशांत २००४ च्या अखेरीस बंद झालें. हल्लींची लस दंडांत किंवा कातडींत देतात, व ती फारशी दुखत नाहीं. ही गोष्ट चावडीवर व पारावर मुद्दाम सांगावी. तसेंच, पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो, ही समजूत चुकीची आहे. जलसंत्रास मनुष्यास होतो. पिसाळलेला कुत्रा पाणी पिण्यास जातो, व कधीं ओढाहि ओलांडतो. तो नेहमीं धांवून चावतो असेंहि नाहीं. आमच्या वाघ्याप्रमाणें गप्प बसणारा, जबडा लोंबलेला कुत्राहि तितकाच घातक असतो. कुत्रा चावलेल्या गुरांनाहि लशीचीं इंजेक्शनें देतां येतात. सबब त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें, लक्षणांची वाट पाहूं नये. संशयित जनावराचें दूध काढूं व पिऊं नये.

हें सर्व चावल्यानंतरचें. परंतु आमचा मुद्दा चावण्यापूर्वींचा आहे. कुत्र्यास तीन महिन्यांचें वय झाल्यावर रेबीजची लस टोंचावी, पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें दुसरी मात्रा द्यावी, व पुढें दरसाल एकदां टोंचीत जावें. एवढें केलें असतें तर आमचा वाघ्या, कालवड, त्या मुलाचा छळ, व आम्हां सर्वांची महिनाभराची झोंप, हें सर्व वांचलें असतें. त्या एका कालवडीच्या किंमतींत वाघ्यास जन्मभर पुरेल इतकी लस येऊन वर पैसे उरले असते. आम्ही गुरांस घटसर्प व फऱ्याची लस न चुकतां देत होतों. लाळ-खुरकुताची तर सरकारकडूनच मिळत होती. कुत्र्यास दिली नाहीं, कारण तो दूध देत नव्हता. याहून दुसरें कारण नव्हतें.

यावर तीन आक्षेप निघतात. पहिला असा कीं, कुत्रा आमचा नव्हे, तो आपोआप वस्तीवर येऊन राहिला. यास आमचें उत्तर असें: ज्याची राखण तो करतो त्याचा तो. तुमच्या हरभऱ्यांत रानडुक्कर शिरलें असतां जो भुंकतो, त्याच्या भुंकण्याचें उत्पन्न तुमच्या खळ्यावर येतें. मग त्याच्या लशीचा खर्चहि तुमच्याच खात्यावर पडला पाहिजे. तो सालगड्यावर ढकलतां येत नाहीं. येथेंच या प्रश्नांतील खरा अन्याय आहे. जमीन खातेदाराची, कुत्रा खातेदाराचा, परंतु कुत्र्याजवळ रात्रंदिवस वावरतें सालगड्याचें पोर. चावा त्याला बसतो. आणि त्याच्या बापास रोज बुडवून पांच वेळां दवाखान्यांत जाणें परवडत नाहीं, म्हणून इंजेक्शनेंहि त्याचींच चुकतात. आम्ही हें कोणास टोंचून बोलत नाहीं. प्रथम स्वतःस बोलतों.

दुसरा आक्षेप असा कीं, गांवांतील मोकाट कुत्रे मारून टाकले म्हणजे प्रश्नच मिटेल. सन १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालीं सन २०२३ चे जे नियम झाले आहेत, त्यांप्रमाणें मोकाट कुत्र्यांचें निर्बीजीकरण करून, लस टोंचून, त्यांस पुन्हां त्याच जागीं सोडावयाचें असतें, व हें काम स्थानिक संस्थांकडे दिलेलें आहे. पण कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहारहि तेंच सांगतो. शंभरांतील सुमारें सत्तर कुत्र्यांस लस मिळाली तर रोगाची सांखळी तुटते, असें तज्ज्ञांचें मत आहे. कुत्रे मारल्यानें मात्र रिकामी जागा पडते, शेजारच्या गांवचे अनोळखी, लस न दिलेले कुत्रे ती भरून काढतात, व रोग जागच्या जागीं राहतो. बांध फुटला असतां आपण बांध घालतों, वाफा मोडीत नाहीं.

तिसरा आक्षेप खर्चाचा व सवडीचा. पशुवैद्यकीय दवाखाना दूर आहे, कुत्रा गाडींत बसत नाहीं, हें सर्व खरें आहे. म्हणूनच एकट्यादुकट्यानें न करतां सोसायटीनें करावें, असें आम्ही सुचवितों. त्याविषयीं शेवटीं लिहूं.

आतां लशीखेरीज नित्याच्या कांहीं चुका सांगतों. कारण आपल्या घरांतील औषधांनीं व विषांनीं कुत्र्या-मांजरांचे जितके बळी जातात, तितके पुष्कळ रोगांनींहि जात नसतील असें आमच्या पाहण्यांत आहे.

मांजरास ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणें म्हणजे त्यास विष देणें होय. मांजराच्या यकृतास तें औषध पचविण्याची शक्ति नाहीं. अर्धी गोळीहि प्राण घेऊं शकते. त्याचप्रमाणें गुरांच्या गोचिडांवर मारावयाचीं औषधें मांजराच्या अंगास लावूं नयेत. परमेथ्रिन व त्या जातीचीं औषधें मांजरास कांपरें भरवून मारतात. गोठा फवारला असेल तर तो वाळेपर्यंत मांजरास आंत येऊं देऊं नये. गुरांचें आयव्हरमेक्टिन अंदाजानें कुत्र्यास टोंचणेंहि धोक्याचें. कोली जातीच्या कुत्र्यांस तर त्याची थोडी मात्राहि घातक ठरते. गोचीड मात्र अवश्य काढावे, कारण त्यांजमुळें कुत्र्यास रक्ताचे रोग होऊन तो सुकत जातो. परंतु औषध कुत्र्याचेंच, व वजनाप्रमाणें, असावें.

उंदरांचें औषध घालतांना तर दहा वेळां विचार करावा. झिंक फॉस्फाइडनें मेलेला उंदीर मांजरानें किंवा कुत्र्यानें खाल्ला तर त्यासहि विषबाधा होऊं शकते, व त्या विषावर नेमका उतारा नाहीं. मेलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून खोल पुरावे. खरें म्हणजे कणगीजवळ सुदृढ मांजर असेल तर औषधाचें काम पुष्कळ कमी होतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, व तो उंदरांच्या पिसवांमुळें पसरतो हें पुढें सिद्ध झालें. तेव्हांपासून तरी मांजराची किंमत आपल्यास कळावयास पाहिजे होती. मात्र नुसत्या दूध-भाकरीवर मांजर नीट जगत नाहीं. तें मूळचें मांसाहारी आहे, व मांसांतील टॉरिन नांवाचें द्रव्य न मिळाल्यास त्याची दृष्टि जाते व काळीज दुबळें होतें. ज्या घरांत मांस चालत नाहीं त्यांनीं त्याजकरितां तयार खाद्य आणावें. मांजराचा चावा व ओरखडाहि रेबीजच्या दृष्टीनें कुत्र्याच्या चाव्यासारखाच मानावा, व मांजरासहि लस द्यावी.

नाशिक व तासगांवकडील द्राक्ष-बागाईतदारांस आणखी एक सूचना. द्राक्षें व बेदाणे कुत्र्याचें मूत्रपिंड बिघडवितात. सबब बेदाण्याच्या शेडजवळ सांडलेला माल कुत्र्यास खाऊं देऊं नये. कांदा व लसूण यांनीं कुत्र्या-मांजरांचें रक्त नासतें. कांद्याच्या रश्शांत कुस्करलेली भाकर त्यांस रोज घालूं नये. कोंबडीचीं शिजविलेलीं हाडें फुटून आंतड्यांत रुततात. आणि जत्रेच्या वेळीं बकऱ्याचें कच्चें काळीज वा फुप्फुस कुत्र्यास टाकण्याची जी चाल आहे ती अगदीं बंद करावी. त्यांतील गांठींतून कुत्र्याच्या पोटांत एक बारीक फीतजंत वाढतो, त्याचीं अंडीं विष्ठेवाटे चाऱ्यास व मुलांच्या हातांस लागतात, व मनुष्याच्याहि यकृतांत पाण्याच्या गांठी होतात. पशुवैद्यास विचारून कुत्र्यास दर तीन महिन्यांनीं जंताचें औषध द्यावें.

पिल्लांविषयीं दोन शब्द. दोन-तीन महिन्यांचें पिल्लूं एकाएकीं ओकूं लागलें व त्यास दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण लागली, तर तो बहुधा पार्व्हो रोग असतो. यांत पिल्लूं पाणी हरवून मरतें. तासातासाचें महत्त्व असतें. त्यास दूध पाजीत घरीं बसूं नये. या रोगाचें विष जमिनींत महिनेच्या महिने टिकतें, म्हणून त्याच जागीं लगेच दुसरें पिल्लूं आणूं नये. सहा ते आठ आठवड्यांपासून याची व डिस्टेंपरची लस सुरू करतात.

शेवटीं आमची सूचना. पोळ्यास, व कांहीं भागांत बेंदरास, आपण बैलांस धुतों, रंगवितों, पुरणपोळी चारतों. त्याच्या दुसऱ्या दिवशीं प्रत्येक सोसायटीनें आपल्या आवारांत कुत्र्या-मांजरांस लस टोंचण्याचा दिवस ठेवावा. पशुवैद्यांस अगोदर महिनाभर लेखी कळवावें. लस बर्फांत राखून आणावी लागते, ती व्यवस्था पाहावी. व खर्च नफ्यांतील धर्मादाय रकमेंतून किंवा खातेदारांकडून जागेवर घ्यावा. सोसायटीच्या दप्तरांत एक साधें रजिस्टर घालावें. रकाने सहाच: खातेदाराचें नांव, गट नंबर, कुत्रा कीं मांजर, वर्ण, लशीची तारीख, पुढील तारीख. पाहणी पत्रक भरण्यास याहून अधिक मेहनत पडते. ज्या वस्तीवरील कुत्रा रजिस्टरांत नाहीं, त्या खातेदारास सभेंत नांवानें विचारावें. एवढी लाज पुरेशी होईल.

सन २०२१ मध्यें केंद्र सरकारनें २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज नाहींसा करण्याची योजना जाहीर केली आहे. योजना दिल्लीची असली तरी कुत्रा आपल्या बांधावरचा आहे. दत्ताच्या तसबिरींत चार श्वान आहेत, खंडोबाच्या पायाशींहि श्वान आहे, व त्या तसबिरींस आपण रोज हात जोडतों. दारांतल्या श्वानासाठीं वर्षांतून एक दिवस काढणें त्या मानानें कांहींच नव्हे.

वाघ्यानंतर आमच्या वस्तीवर दुसरा कुत्रा आला. त्याच्या लशीचें कार्ड आम्ही सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एकाच पिशवींत ठेवतों. सालगड्याचा तो मुलगा आतां मोठा झाला आहे. दरसाल तारीख जवळ आली कीं तोच आम्हांस आठवण देतो. ती आठवण देण्याची वेळ त्याच्यावर येऊं नये, आपणच आपण होऊन जागें असावें, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.

— एक निवृत्त कारकून